बाकावरचे हसू : जुन्या मराठी हायस्कुलांतील विनोद आणि सहवास

महाराष्ट्रात हायस्कूल रुजले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी पंतोजींच्या शाळा होत्या, पण तिथे मुले धुळाक्षरे, पाढे आणि मोडी शिकून बाहेर पडत. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये. त्या परीक्षेला बसलेल्या १३२ उमेदवारांपैकी २२ उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मॅट्रिक हे मुक्कामाचे ठिकाण ठरल्यावर तिथवर नेणारी वाटही आखली गेली. मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली, तिथून एकेक इयत्ता चढत इंग्रजी सातवी, म्हणजेच मॅट्रिकचा वर्ग. निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या घरांची मुले इतकी वर्षे एका छपराखाली, घंटेच्या टोलावर उठत-बसत एकत्र वाढण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या सहवासातून एक वेगळे लोकजीवन तयार झाले. त्याला स्वतःची भाषा होती, स्वतःचे कायदे होते आणि स्वतःचा विनोद होता. शाळांच्या शतकमहोत्सवी अंकांत निकालांचे तक्ते आणि देणगीदारांच्या याद्या सापडतात, पण माजी विद्यार्थी लिहायला बसले की परीक्षेपेक्षा या लोकजीवनाबद्दलच अधिक लिहितात. शाळेने काय घडवले हे पाहायचे तर त्याकडे लक्ष देणे भाग आहे.

सुरुवातीच्या वर्गांत वयाचा मेळ नव्हता. बारा वर्षांच्या मुलाशेजारी मिसरूड फुटलेला, लग्न झालेला गडी बसलेला असे. बाळ गंगाधर टिळकांचे लग्न १८७१ मध्ये, ते शाळेत असतानाच झाले, आणि पुढल्या वर्षी ते मॅट्रिक झाले. त्या काळी यात कोणाला नवल वाटत नसे. कवी केशवसुतांचा जन्म १८६६ चा, पण शिक्षण रखडत गेल्यामुळे मॅट्रिकला १८८९ साल उजाडले. त्यामुळे वर्गातल्या थट्टेचा एक मोठा विषय लग्न हाच असे. दिवाळसणाला सासरी जाऊन आलेल्या मुलाला नव्या धोतरावरून, बोटातल्या अंगठीवरून आठवडाभर पिडले जाई. मॅट्रिकला वारंवार नापास होणाऱ्यांचीही एक जमात होती. ‘मॅट्रिकची वारी’ हा शब्दप्रयोग त्यांच्यासाठीच रूढ झाला. अशा वारकऱ्यांना वर्गात थोरल्या भावाचा मान असे, कारण कोणता मास्तर कशाने चिडतो आणि कशाने विरघळतो याची बित्तंबातमी त्यांच्याकडे असायची.

बाहेरगावाहून शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलांचे जेवण वारावर चाले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि एखादा वार लागलाच नाही तर त्या दिवशी उपास. पुण्यात अनेक जण माधुकरीही मागत. कोणत्या वाराला आमटी पातळ असते, कुठली काकू तूप वाढताना हात आखडते, कुठे पुरणपोळीची आशा आहे, यावर या मुलांमध्ये चर्चा रंगे. ती हसत हसत होत असली तरी तिच्या तळाशी भूक होती. वाढणाऱ्या हातांबद्दल मनात कृतज्ञता आणि ओशाळेपणा दोन्ही असे. ते एरवी कुणाजवळ बोलता येत नसे, ते इथे थट्टेच्या रूपाने बोलले जाई.

वर्गाची मांडणी विनोदाला पोषक होती. पूर्वी कित्येक शाळांत मुले हुशारीच्या क्रमाने बसत. एखाद्याला उत्तर आले नाही आणि खालच्याला आले, की खालचा उठून वर सरके आणि वरचा खाली येई. त्यामुळे एका तासात नंबर दोनतीनदा बदलत. शेवटच्या बाकाला मात्र ही धास्ती नव्हती. तिथून आणखी खाली जायला जागाच नसे. निर्धास्तपणाची ही जागा विनोदाचे माहेरघर झाली. पुढे नंबराने बसण्याची पद्धत गेली आणि उंचीनुसार बसवणे आले, तरी मागच्या बाकाची कीर्ती कायम राहिली.

टोपणनाव ही या लोकजीवनातली सगळ्यांत टिकाऊ निर्मिती. मुलगे एकमेकांना आडनावाने हाक मारत आणि आडनावाच्या शेवटी ‘या’ लावत: जोश्या, गोखल्या, देशपांड्या, कुलकर्ण्या. नावाने फक्त घरचे किंवा अगदी जिवलग बोलावीत. एका वर्गात तीन जोशी निघाले की एक लंब्या, एक बुटक्या आणि तिसरा त्याच्या गावाच्या किंवा बापाच्या धंद्याच्या नावाने ओळखला जाई. ही नावे सातवीनंतरही माणसाला सोडत नसत. पुढे मामलेदार किंवा डॉक्टर झालेल्या माणसाला भर बाजारात जुना सोबती त्याच नावाने हाक मारी आणि तोही वळून पाही.

शिक्षकांची टोपणनावे हे याहून नाजूक काम होते. ती चालण्यावरून, आवाजावरून, उपरणे सावरण्याच्या लकबीवरून किंवा एखाद्या पालुपदावरून पडत. कडक मास्तर वाघोबा होत, तर दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ प्रत्येक शाळेत एक हिटलर निपजला. नाव कोणी ठेवले हे कधीच कळत नसे. ते थोरल्या वर्गाकडून धाकट्या वर्गाकडे वारशाने जाई आणि ज्या प्रसंगामुळे पडले तो प्रसंग विस्मरणात गेला तरी नाव चालू राही. कधी कधी ते वडिलांकडून मुलाकडे येई, कारण एकाच मास्तरांनी दोन पिढ्यांना शिकवलेले असे. याबाबतचा नियम मुलांनी कसोशीने पाळला: नाव मास्तरांच्या कानावर जाता कामा नये. अर्थात मास्तरांना ते ठाऊक असे, आणि आपल्याला ठाऊक आहे हे न दाखवण्याचे सौजन्य त्यांच्याकडे असे. दोन्ही बाजूंनी पाळलेल्या या मौनामुळे धाक आणि जिव्हाळा एकत्र नांदू शकले. जिथे हे मौन मोडले, तिथे छडी उठली आणि नावातली गंमत गेली.

खोड्यांचे प्रकार शाळेच्या सामानावर अवलंबून असत. दौत आणि टाक होते तोवर शाईच्या खोड्या होत्या. पुढच्याच्या कोटावर टाक झटकणे, टीपकागदाचा बोळा शाईत बुडवून छताला चिकटवणे, शेंडी बाकाला बांधणे हे प्रकार घरोघरच्या आठवणींत येतात. फाउंटन पेन आले तेव्हा शाईचे डाग खिशावर पडू लागले. खडू लपवणे, डस्टर खुर्चीवर ठेवणे, वर्गात कुत्र्याचे पिल्लू आणणे या गोष्टी तर सर्वत्र घडत. यांतला खरा कलाप्रकार मात्र नकलेचा. मधल्या सुट्टीत एखादा मुलगा टेबलामागे उभा राही, टोपीची पगडी करी, आणि गणिताचे मास्तर वर्गाकडे पाठ करून कसे पुटपुटतात ते हुबेहूब करून दाखवी. चांगला नकल्या नुसता आवाज काढत नसे. मास्तर चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा कसा शोधतात, तपकिरीची चिमूट नाकाशी नेताना वाक्य कुठे तुटते, पुढचा शब्द कोणता येतो, हे त्याने आठवडे आठवडे निरखलेले असे. एखाद्या शिक्षकाला ‘म्हणजे काय’ किंवा ‘बरं का’ म्हणायची सवय असली तर मागच्या बाकावर वहीच्या शेवटच्या पानावर रेघा ओढून मोजदाद चाले. तास संपला की आकडा जाहीर होई आणि कालच्याशी ताडून पाहिला जाई. इतके बारीक लक्ष धड्याकडे दिले असते तर ही मुले पहिल्या बाकावर बसली असती, असे मास्तर म्हणत. त्यात तथ्य होते. पण माणूस निरखण्याचे हे शिक्षण वेगळे होते. मराठी रंगभूमीला आणि मराठी विनोदी लेखनाला ते पुढे फार उपयोगी पडले.

शिक्षा ठरलेल्या होत्या: छडी, बाकावर उभे राहणे, अंगठे धरणे, कोंबडा होणे, वर्गाबाहेर जाणे. अपराध्याचे नाव सांगायचे नाही हा वर्गाचा अलिखित कायदा होता आणि त्यापायी सगळा वर्ग छड्या खाई. चुगलखोराला मिळणारी शिक्षा मास्तरांच्या शिक्षेपेक्षा कडक असे, कारण त्याच्याशी कोणी बोलतच नसे. या छड्यांचे वर्णन नंतर हौसेने केले जाते, पण त्यांतला काही मार अमानुष होता. त्या माराने शाळा कायमची सुटलेली मुलेही होती, आणि त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत.

विनोद फक्त बाकावरून फळ्याकडे जात नव्हता, तो फळ्याकडूनही येत होता. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, वामन शिवराम आपटे आणि पुढे गोपाळ गणेश आगरकर असे तरुण, तडफदार शिक्षक तिथे शिकवू लागले. मुलांपेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठा असलेला मास्तर वर्गाशी वेगळ्या सुरात बोलतो, आणि त्या सुराचा दरारा मुलांना छडीपेक्षा जास्त वाटतो. संस्कृतचा तास यात आघाडीवर असे. सुभाषितांत आणि अन्योक्तींत मूर्ख, कृपण, ढोंगी यांची यथेच्छ टिंगल आहे. शास्त्रीबोवा एखादे सुभाषित म्हणत आणि म्हणता म्हणता एका ठरावीक बाकाकडे पाहत. नाव न घेता सगळ्या वर्गाला अर्थ कळे. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती, तिचे आकर्षण हुशार मुलांना असे. बाकीच्यांना या सुभाषितांनी दुसऱ्याला न दुखावता टोमणा कसा मारावा हे शिकवले. इंग्रजीच्या तासाला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तिच्यातल्या सुट्या, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या वाक्यांची मुलांनी गंभीर चेहऱ्याने संभाषणे रचली. शिक्षकही एखाद्या विद्यार्थ्याचे अफलातून भाषांतर सगळ्या वर्गाला वाचून दाखवत. ज्याचे वाचले तो मान खाली घालून बसे, पण ती चूक त्याच्या हातून जन्मात पुन्हा होत नसे.

हा सहवास सर्वांसाठी खुला मात्र नव्हता. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर शिकत होते. एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले. मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. ते विटाळतील म्हणून वर्गात गलका झाला आणि भीमरावांचा हात फळ्याला लागण्याआधी मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले. त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण ते शिकवायला नकार मिळाल्याने फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. मधल्या सुट्टीतला डबा हे ज्या सहजीवनाचे केंद्र होते, त्याच डब्यावरून माणूस बाहेर ठेवला जात होता. कोणाच्या डब्यात कोणी हात घालायचा आणि कोणाची थट्टा हसण्यावारी न्यायची, या गोष्टी जातीने ठरत. थट्टा बरोबरीच्या माणसांत होते. बरोबरी नाकारल्यावर तेच शब्द अपमान होतात. जुन्या शाळांच्या गोड आठवणी वाचताना ही बाजू बाजूला ठेवली तर ते वाचन अपुरे राहील.

ही भिंत पाडण्याचे काम शाळेच्या वर्गापेक्षा आधी वसतिगृहांनी हाती घेतले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करायला मदत केली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असे वसतिगृह काढले, जिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंक्तीला जेवत. इथला विनोद निराळ्या मातीचा होता. भाकरी थापायची पाळी कोणाची, कोणाच्या भाकरीचा नकाशा होतो, पीठ दळताना कोण पेंगतो, विहिरीवर कोण पाण्याला घाबरतो, असे त्याचे विषय. श्रमाच्या पाळ्या सगळ्यांना सारख्या असल्यामुळे थट्टाही सगळ्यांना सारखी वाटून मिळे. साताऱ्यात १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ या पद्धतीने तिथे मुले शिकू लागली. शेतात आणि बांधकामावर राबून वर्गात येणाऱ्या या मुलांचे सहजीवन शहरी हायस्कुलांपेक्षा कितीतरी घट्ट होते.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजींनी आणखी वेगळी वाट काढली. १९२४ ते १९३० या काळात ते तिथे शिक्षक होते. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढत. एकट्या माणसाने रोज रात्री जागून मुलांसाठी वर्तमानपत्र लिहावे, ही गोष्ट साधी नाही. हस्तलिखितांची प्रथा पुढे महाराष्ट्रभर फोफावली. सुवाच्य अक्षराचा एक मुलगा, चित्रे काढणारा दुसरा आणि मजकूर गोळा करणारा तिसरा जमला की अंक तयार होई. त्याची प्रत एकच असे आणि ती हातोहात फिरे. पहिली पाने सुविचारांनी आणि थोरांच्या चरित्रांनी भरलेली असत. शेवटच्या पानांवर कोडी, चुटके आणि वर्गातल्या घडामोडींच्या खोट्या बातम्या येत. अंक शिक्षकांकडून परत येई तेव्हा ही शेवटची पानेच मळलेली आणि दुमडलेली दिसत.

मुलींच्या शाळांचे जग वेगळे होते. पुण्यात १८८४ मध्ये रानडे, भांडारकर आदींच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल निघाले. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवरून ते ‘हुजूरपागा’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मुलींना इंग्रजी शिक्षण द्यावे की नाही यावर वर्तमानपत्रांत खडाजंगी चालू होती, आणि इकडे मुली शाळेत येऊन बसल्याही होत्या. त्यांतल्या कित्येकींना घरी मोठ्याने हसायलाही मनाई असे. शाळेत त्यांना समवयस्क मैत्रीण मिळाली, आणि तिच्याबरोबर विनाकारण हसत सुटण्याची मुभा मिळाली. आठवणी लिहिणाऱ्या स्त्रिया या हसण्याचा उल्लेख वारंवार करतात.

त्यांच्या सामूहिक जीवनाचा कळस भोंडल्याला होई. आश्विनात सूर्य हस्त नक्षत्रात असताना पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याची पूजा करायची, त्याभोवती फेर धरायचा आणि गाणी म्हणायची, हा घरगुती खेळ शाळांनी आपलासा केला. नवरात्राच्या दिवसांत पटांगणात रांगोळी पडे, मध्ये हत्तीचा पाट मांडला जाई आणि धाकट्या वर्गांचा फेर आत, थोरल्यांचा बाहेर असे एकात एक फेर फिरत. गाण्यांत वेडा नवरा येतो, जाच करणारी सासू येते, माहेरी जायला परवानगी मागणारी आणि दर वेळी नवीन सबब ऐकणारी सून येते. सासरची टवाळी इतक्या उघडपणे करायला दुसरी जागा नव्हती. ज्यांची लग्ने ठरली होती त्या मुली ही गाणी म्हणताना लाजत आणि बाकीच्या नेमक्या त्याच ओळीवर आवाज चढवत. शेवटी खिरापत ओळखायची. डबा कापडात गुंडाळलेला असे. तो कानाशी हलवून पाहायचा आणि तिखट की गोड, तळलेली की भाजलेली असे प्रश्न विचारत नेमका पदार्थ सांगायचा. खिरापत ओळखू येऊ नये म्हणून मुली आईला कोड्यात टाकणारे पदार्थ करायला लावत. ज्या वर्गाची खिरापत कोणालाच ओळखता आली नाही तो वर्ग पुढे महिनाभर ऐटीत वावरे. विदर्भ-खानदेशात हीच हौस भुलाबाईच्या गाण्यांनी भागे.

मुलामुलींच्या एकत्र शाळा वाढल्या तसे अंतराचे नियमही आले. मुलींचे बाक एका बाजूला, मुलांचे दुसऱ्या बाजूला. बऱ्याच ठिकाणी मुली मधल्या वेळेत आपल्या खोलीत थांबत, शिक्षकांच्या पाठोपाठ वर्गात येत आणि त्यांच्याबरोबरच बाहेर पडत. वर्षभरात एकमेकांशी एक वाक्यही न बोललेली मुलेमुली एका वर्गात असत. वही मागायची तरी धाकट्या भावंडामार्फत किंवा शेजारपणाच्या आधाराने. त्यामुळे जे बोलता येत नव्हते ते चिडवण्यातून बोलले जाई. दोन नावे कोणीतरी जोडी आणि सगळा वर्ग ती जोडी वर्षभर चालवी. त्या मुलीने वर मान करून पाहिले किंवा नाही पाहिले, दोन्हीचा अर्थ एकच लावला जाई. यात निष्पाप गंमत होती, आणि मुलीच्या बाजूने पाहिले तर जाचही होता. एखादी गोष्ट घरापर्यंत गेली की मुलाला दोन थपडा बसत, पण मुलीची शाळा सुटे.

शाळेच्या वर्षात एक दिवस असा येई की सगळे नियम सैल होत. तो दिवस स्नेहसंमेलनाचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी गॅदरिंगचा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मांडव पडे आणि महिनाभर आधीपासून तालमींच्या नावाखाली तास बुडवता येत. नाटकात स्त्रियांच्या भूमिका मुलेच करत. आईची किंवा बहिणीची साडी, मावशीची ठुशी आणि शिक्षकांनी उसने आणलेले गंगावन. ऐन करुण प्रसंगी पदर सुटला किंवा मिशी गळून पडली की प्रेक्षकांतून हशा उसळे आणि त्या मुलाला पुढे त्या पात्राचेच नाव चिकटे. पुण्यातले शिक्षक दिवाकर यांनी १९११ पासून लिहिलेल्या नाट्यछटा अशा कार्यक्रमांना फार सोयीच्या होत्या. पात्र एक, नेपथ्य नाही, आणि एका माणसाच्या बोलण्यातून त्याचे सगळे ढोंग उघडे पडते. शाळांमधल्या नाट्यछटा स्पर्धा पुढे अनेक दशके चालू राहिल्या.

पण संमेलनात सगळे ज्याची वाट पाहत तो कार्यक्रम शेलापागोट्यांचा. दरबारात गुणी माणसाला शेला आणि पागोटे देऊन गौरवायची रीत होती. मुलांनी तिचे सोंग घेतले आणि गौरवाच्या जागी चिमटा काढला. नंतर याला फिशपॉन्ड हे नाव मिळाले. आठ-पंधरा दिवस आधी ग्रंथालयाजवळ किंवा ऑफिसबाहेर एक बंद पेटी ठेवली जाई. ज्याला वाटेल त्याने वाटेल त्याच्या नावाने, स्वतःचे नाव न घालता चिठ्ठी टाकायची. मग एक-दोन शिक्षक आणि थोरल्या वर्गातली विश्वासू मुले दार लावून त्या चिठ्ठ्या चाळत. असभ्य, जातीवरची, व्यंगावरची चिठ्ठी बाद व्हायची, निदान व्हावी अशी अपेक्षा असे. राहिलेल्या चिठ्ठ्या संमेलनात मोठ्याने वाचल्या जात. ज्याचे नाव पुकारले त्याने उभे राहून ऐकून घ्यायचे आणि हसायचे. चिडला तो हरला.

चिठ्ठीत बहुधा दोन ओळींचे यमक, एखादी म्हण, अभंगाचा चरण किंवा नाटकातले पद असे. पुढे चित्रपटगीतांचे मुखडे आले. मूळ ओळीत काहीही न बदलता ती योग्य माणसाला लावणे हे खरे कसब समजले जाई. कधी शब्दाऐवजी वस्तू दिली जाई. सारखा भांग पाडणाऱ्याला दात पडलेला कंगवा, वर्गात झोपणाऱ्याला उशी, रडव्याला खुळखुळा. मुख्याध्यापकांच्या नावाचे शेलापागोटे आले की मांडवात क्षणभर शांतता पसरे. मुख्याध्यापक हसले की मांडव कोसळेल इतका हशा होई. वर्षभर ज्यांच्या पावलांचा आवाज ऐकून व्हरांडा रिकामा होत असे, त्या माणसाला चारचौघांत हसताना पाहणे हा मुलांसाठी मोठा अनुभव होता. मुख्याध्यापकांच्या बाजूनेही त्यात औदार्य होते. शाळा किती निरोगी आहे हे त्या एका हास्यावरून कळे, असे म्हणायला हरकत नाही.

या प्रथेचा दोषही तिच्यातच होता. नाव गुप्त असल्यामुळे धैर्याबरोबर दुष्टपणालाही वाट मिळाली. रंगावरून, जाडीवरून, तोतरेपणावरून लिहिलेल्या चिठ्ठ्या चाळणीतून निसटत आणि ज्याच्यावर त्या पडत तो हसत उभा राही. चिडला तो हरला हा नियम दुबळ्याला फार महाग पडे. सुजाण शिक्षक म्हणूनच चिठ्ठ्या निवडण्याचे काम स्वतःकडे ठेवत. काही शाळांनी हा कार्यक्रम पुढे बंदच केला.

शाळेतल्या विनोदाची मराठी साहित्याशी देवाणघेवाण सतत चालू होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ आणि राम गणेश गडकऱ्यांचे बाळकरामाच्या नावाने लिहिलेले लेख मॅट्रिकच्या वयाची मुले तोंडपाठ करत आणि त्यांतली वाक्ये वर्गात सोडत. आचार्य अत्रे तर स्वतः पुण्याच्या कॅम्प भागातल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या त्यांच्या ‘झेंडूची फुले’ या १९२५ मधल्या संग्रहाने विडंबनाला प्रतिष्ठा दिली. त्यानंतर पाठ्यपुस्तकातली एकही कविता शाळकरी विडंबनातून सुटली नाही. चाल तीच, वृत्त तेच, विषय मात्र गणिताचा पेपर किंवा खानावळीची आमटी. यातून मुलांना वृत्ते पक्की झाली हा फायदा कोणी गृहीत धरला नव्हता. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ने शाळकरी मुलाचे जगणे मुलांसाठीच लिहिले. १९२१ मध्ये सुरू झालेल्या पार्ले टिळक विद्यालयात शिकलेल्या पु. ल. देशपांड्यांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’मध्ये चितळे मास्तर उभे केले. या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मास्तरांची लकब, पालुपद, चालणे हे सगळे टिपणारी नजर तीच आहे, जिने मधल्या सुट्टीतल्या नकला घडवल्या. त्या नकलेत पोरकटपणाच्या जागी माया आली आणि ते साहित्य झाले.

राजकारणाने या जगात वेळोवेळी शिरकाव केला. विद्यार्थ्यांनी राजकीय सभांना जाऊ नये यासाठी १९०७ मध्ये सरकारी अधिकारी रिस्ले यांचे परिपत्रक निघाले आणि मुख्याध्यापकांवर पाळतीची जबाबदारी आली. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर मुलांमध्ये संताप होता आणि सरकारी शाळांत तो उघड करता येत नव्हता. अशा वेळी साधी टोपी बोलू लागली. असहकाराच्या आणि कायदेभंगाच्या दिवसांत पांढरी खादीची टोपी घालून वर्गात येणे हे धाडस ठरले. एक मुलगा हाकलला गेला की दुसऱ्या दिवशी दहा टोप्या दिसत. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत शाळा ओस पडल्या, प्रभातफेऱ्या निघाल्या आणि मागच्या बाकावरची कित्येक मुले पत्रके वाटण्यात पुढे होती. वर्षानुवर्षे चिठ्ठ्या फिरवण्याचा आणि नाव न फोडण्याचा सराव त्यांना होताच.

स्वातंत्र्यानंतर शाळांची संख्या झपाट्याने वाढली. विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस.एस.सी. बोर्डाच्या परीक्षेने घेतली आणि इंग्रजी सातवीऐवजी लोक अकरावी म्हणू लागले. धोतर आणि काळी टोपी जाऊन खाकी अर्धी चड्डी आणि पांढरा सदरा आला. मुली परकर-पोलक्यातून स्कर्टमध्ये आल्या. ‘मास्तर’ हळूहळू ‘सर’ झाले, बाई मात्र बाईच राहिल्या. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री कोणते गाणे कोणत्या पायरीवर गेले यावर गुरुवारी वर्गात वाद झडू लागले. शाळेच्या फाटकाबाहेर बोरे, गाभुळलेल्या चिंचा, आवळे आणि तिखटमीठ लावलेल्या कैऱ्या विकणारी म्हातारी हे सहजीवनाचे दुसरे केंद्र होते. तिच्याकडे उधारी चाले आणि ती सगळ्यांची नावे, तुकड्या आणि भांडणे लक्षात ठेवी. कट्टी झालेल्यांची बट्टी तिच्या टोपलीपाशी अर्ध्या पेरूवर होई. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाल्यानंतर शिक्षणाची दारे कायद्याने सर्वांना खुली झाली होती आणि खेड्यापाड्यांतून घरातले पहिलेच शिकणारे मूल हायस्कुलात येऊ लागले. त्यांच्या बोलीची शहरी मुलांनी थट्टा केली, आणि दोनतीन वर्षांत त्याच बोलीतले ठसकेबाज शब्द सगळ्या वर्गाच्या तोंडी बसले.

मिलिंद बोकील यांची २००४ मधली ‘शाळा’ ही कादंबरी या काळाच्या शेवटच्या टप्प्यावर, आणीबाणीच्या दिवसांतल्या नववीच्या वर्गात घडते. मोकळ्या वेळात मुलांनी जमायचे अड्डे, शिक्षकांना ठेवलेली नावे, न बोलता चालणारी प्रेमे यांचे तिच्यातले चित्र ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ओळखीचे वाटले. त्याच सुमारास रचनाच बदलली. नव्या आकृतिबंधानुसार १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावी शाळेतून निघून कनिष्ठ महाविद्यालयात गेली. संमेलनांत नाटके बसवणारा, हस्तलिखिते काढणारा आणि पेटीतल्या चिठ्ठ्या चाळणारा सगळ्यांत थोरला वर्ग शाळेत उरला नाही. त्याच्या जागी आलेली दहावीची मुले शाळा सुटली की खासगी शिकवण्यांना जाऊ लागली, आणि संमेलनाच्या तालमींना दहावीला सूट देण्याची पद्धत बहुतेक शाळांत पडली.